रायवळ आंबा आणि ‘जात’ नावाचा प्रश्न

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि दुसऱ्या तीरावर आपली अष्टमी. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी या आठवड्यात कुठल्या ना कुठल्या रूपात कैरी आलेली असणार. म्हणून आजचा विषय सांगताना प्रस्तावना फार करत नाही. आपण रायवळ आंब्याबद्दल बोलणार आहोत. हापूसबद्दल नाही, हापूस येईल मधेमधे, पण तो पाहुणा म्हणून.

ऑनलाइन ऐकणाऱ्यांपैकी काही जण कोकणाबाहेरचे आहेत, त्यांच्यासाठी आधी सोपं करून सांगतो. कोयीपासून उगवलेलं, कलम न केलेलं आंब्याचं जे झाड, ते रायवळ. काही ठिकाणी गावठी म्हणतात, लहान फळाला बिटका किंवा बिटकी म्हणतात, काही जण नुसतं ‘चोखायचा आंबा’ म्हणतात. झाड प्रचंड वाढतं, साठ-सत्तर फूट सहज. शंभरी ओलांडलेली झाडं आपल्या तालुक्यात तुम्ही पाहिली असतील. फळ बहुधा लहान, कोय मोठी, धागा भरपूर, रस पातळ. सुरीने फोडी करून बशीत मांडायचा हा आंबा नव्हे. हाताने मऊ करायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि तोंडाला लावायचा. कोपरापर्यंत ओघळ आला नाही तर खाल्लाच नाही असं समजायचं.

आता माझा प्रश्न. आपण विचारतो, ‘हा आंबा कुठल्या जातीचा?’ आणि उत्तर येतं, ‘रायवळ.’ हे उत्तर आहे का? हापूस, पायरी, केसर, माणकूर ही जातींची नावं आहेत. एका हापूसच्या झाडावरून दुसऱ्याबद्दल तुम्ही बरंचसं सांगू शकता. पण रायवळाच्या एका झाडावरून शेजारच्या रायवळाबद्दल काहीच सांगता येत नाही. एक साखरेसारखा गोड, त्याच्यापासून वीस पावलांवर दुसरा इतका आंबट की पिकल्यावरही डोळे मिटतात. एकाला शेपूचा वास, एकाची साल शेंदरी, एक पिकला तरी हिरवाच. म्हणजे ‘रायवळ’ हे जातीचं नाव नाहीच. ‘जात नसलेला’ असा त्याचा अर्थ आहे. जिथे जात सांगायची तिथे आपण जातीचा अभाव सांगतो आणि समोरचा माणूस समाधानाने मान डोलावतो. (हशा) मराठीत ‘जात’ हा शब्द दुसऱ्या एका अर्थानेही आपल्या डोक्यावर बसलेला आहे, त्यामुळे जात नसलेल्या फळाबद्दल मला पहिल्यापासून आपुलकी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हे का होतं, ते समजून घेऊ. आंब्याच्या मोहोरावर माश्या, किडे येतात आणि एका झाडाचा पराग दुसऱ्यावर नेतात. कोयीच्या आत जो गर्भ तयार होतो त्याची आई म्हणजे ते झाड. बाप कोण ते माशीला ठाऊक. आपण खातो तो गर आईचा. कोयीत मात्र नवीन जीव. म्हणून उत्तम हापूस खाऊन त्याची कोय परसात लावली तर हापूस येत नाही. रायवळ येतो. बरा किंवा वाईट, पण नवा. काही आंब्यांच्या एकाच कोयीतून अनेक कोंब येतात आणि त्यातले बरेचसे आईसारखेच निघतात. गोव्यापासून खाली केरळपर्यंत अशा जाती आहेत. हापूसचं तसं नाही. हापूसचा हापूस करायचा तर फांदीच लागते, म्हणजे कलम लागतं.

कलमाची विद्या आपल्या किनाऱ्यावर बहराला आली ती सोळाव्या शतकापासून, गोव्यातल्या पोर्तुगीज पाद्र्यांच्या बागांतून. हापूसचं नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात. नाव परकं असलं तरी झाड इथलंच. आणि इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: ज्या पहिल्या झाडाची फांदी कुणीतरी कापून दुसऱ्या खोडाला बांधली, ते पहिलं झाड कोयीतूनच उगवलेलं होतं. म्हणजे हापूस हा एकेकाळी कुणाच्या तरी आवारातला रायवळ होता. त्याला एक रसिक भेटला, एवढाच फरक. लखनौजवळच्या दशहरी गावात दशहरी आंब्याचं मूळ झाड दाखवतात. उत्तरेत ज्या आंब्यावर एवढ्या बागा उभ्या आहेत, तोही असाच कुणी न निवडलेला, आपला आपण उगवलेला.

आता थोडं शास्त्रात शिरतो. घाबरू नका, लवकर बाहेर येऊ. आपल्या न्याय-वैशेषिक परंपरेत ‘जाती’ किंवा ‘सामान्य’ म्हणजे काय, यावर फार बारीक विचार झाला आहे. अनेक घटांमध्ये जे एकच ‘घटत्व’ राहतं, ती जाती. दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. कोणत्या धर्माला जाती म्हणता येत नाही याच्या सहा अटी त्यांनी सांगितल्या, आणि त्यातली पहिलीच अशी की ज्याची व्यक्ती एकच आहे, त्याला जाती नाही. नेहमी दिलं जाणारं उदाहरण आकाशाचं. आकाश एकच, म्हणून ‘आकाशत्व’ नावाची जाती मानायचं कारण नाही.

या अटीवर आपला रायवळ ठेवून पाहा. प्रत्येक झाड एकमेव. तसं झाड पूर्वी झालं नाही, पुढे होणार नाही. ते आंबा आहे, ‘आम्रत्व’ त्याच्यात आहे, त्यात वाद नाही. पण आम्रत्वाच्या खाली त्याची आणखी कुठली जाती? नाही. आंबा म्हटल्यावर लगेच ते एक विशिष्ट झाड. मध्ये पायरीच नाही. (श्रोत्यांतून : पायरी हापूसशेजारी आहे सर! हशा.) हो, ती पायरी वेगळी.

आपल्या लोकांनी हे न शिकता ओळखलं होतं. रायवळाच्या झाडांना जी नावं आहेत ती बघा. शेपू आंबा, खोबऱ्या, साखऱ्या, केळ्या, शेंदऱ्या. नाहीतर विहिरीवरचा, देवळामागचा, बांधावरचा. ही सामान्यनामं दिसतात, पण वापर विशेषनामासारखा आहे. या गावचा शेपू आणि त्या गावचा शेपू यांचं नातं काही नाही. दोन गावांतल्या दोन गोविंदांचं असतं तेवढंच. गुराला नाव ठेवावं, माणसाला ठेवावं, तसं झाडाला ठेवलेलं आहे. कलमांच्या बागेत असं होत नाही. हापूसच्या बागेत झाडांना नंबर असतात.

मग उलटा प्रश्न येतो, आणि तो जास्त अवघड आहे. हापूसची लाखो झाडं आहेत. पण प्रत्येक झाडाची फांदी दुसऱ्या फांदीवरून, ती तिसरीवरून, अशी मागे मागे जात त्या पहिल्या झाडापर्यंत पोचते. मधल्या काळात एखाद्या फांदीत बारीकसारीक फरक पडलेही असतील. पण मूळ शरीर एक. मग ही लाखो झाडं म्हणजे लाखो व्यक्ती, की पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेलं एकच झाड? नैयायिकाला विचाराल तर तो म्हणेल, अवयव वेगळे, मुळं वेगळी, म्हणून व्यक्ती वेगळ्या. हापूस ही जाती मानायला हरकत नाही. जीवशास्त्राचा विद्यार्थी तितक्या खात्रीने बोलणार नाही. मला स्वतःला वाटतं की व्यवहारात दोन्ही खरं आहे, आणि दुसरं खरं असल्याची किंमत आपण मोजतो. सगळी झाडं एक असतील तर त्यांचे गुण एक, आणि खोडही एकच. हापूस बाहेरून देखणा असतो आणि कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा साका निघतो. हा दोष रत्नागिरीत आहे तसा अलिबागेतही आहे, कारण तो त्या जातीच्या अंगातच आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ साली ‘रत्ना’ काढला, त्यात साका नाही. म्हणजे हापूसचा दोष घालवायला हापूसबाहेर जावं लागलं. केळीचं उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ नावाचं एकच केळं होतं, सगळं कंदापासून वाढवलेलं, म्हणून सगळं सारखं. जमिनीतून बुरशीचा रोग आला आणि तो व्यापारच बसला.

हे ऐकून कुणाला वाटेल, हा म्हातारा हापूसच्या विरोधात आहे. अजिबात नाही. मिळाला तर मी रोज खाईन. पण हापूसवर ज्याचं प्रेम आहे त्याने रायवळाची काळजी केली पाहिजे, आणि त्याचं कारण तत्त्वज्ञानातलं नाही, रोपवाटिकेतलं आहे. हापूसचं कलम उभं कशावर असतं? रायवळावर. जूनमध्ये रायवळाच्या कोयी गादीवाफ्यावर पेरतात. दहा-पंधरा दिवसांचं तांबूस पानांचं कोवळं रोप झालं की त्याचा शेंडा छाटून त्यावर हापूसची काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. याला कोय कलम म्हणतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ साली झालं, त्यानंतर ही पद्धत कोकणभर पसरली. आधी भेट कलमं असत, त्यात वेळ फार जाई. पद्धत कुठलीही असो, जमिनीखालचं सगळं रायवळ आणि वरचं हापूस. ज्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ज्यात आपला रायगडही आहे, त्या प्रत्येक झाडाचे पाय रायवळाचे आहेत. मानांकनाच्या बातम्यांमध्ये पायांचा उल्लेख वाचल्याचं मला आठवत नाही.

असंच नातं असलेलं एक फळ रशियात आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊ. अंतोनोव्का नावाचं सफरचंद. आपल्याला बाजारात मिळतं तसं लालबुंद, मेणासारखं चकचकीत नव्हे. हिरवट-पिवळं, आंबट, रसरशीत, आणि वास असा की ठेवलेली खोली भरून जाते. इव्हान बुनिन, ज्यांना १९३३ साली नोबेल मिळालं, त्यांनी १९०० साली याच सफरचंदाच्या नावाने एक कथा लिहिली. जुन्या जमीनदारी खेड्यांचं मावळणं त्यांनी या वासाभोवती उभं केलं. अंतोनोव्का खायलाही आहे आणि रांधायलाही आहे, ही तिची खरी ओळख. आपल्याकडे कैरी खारात घालतात तशी तिथे ही सफरचंदं लाकडी पिंपात, पाण्यात, राईच्या पेंढ्याचे थर देऊन मुरवतात. आपण आंब्याचं साठ घालतो; तुला प्रांतातल्या बेल्योव या गावी भाजलेल्या अंतोनोव्काचा गर साखर आणि अंड्यातला पांढरा भाग घालून फेटतात, पातळ थर वाळवतात आणि थरावर थर रचून त्याची वडी करतात. हवामान उलटं, फळ वेगळं, पण बाईच्या हाताला सुचलेलं जवळजवळ तेच आहे. ऊन आमच्याकडे फुकट आणि तिथे दुर्मीळ, म्हणून ते भट्टीत वाळवतात इतकंच.

आणि नातं म्हणालो ते हे : अंतोनोव्काच्या बियांपासून केलेली रोपं थंडीला इतकी काटक असतात की रशियात आणि रशियाबाहेरही, अगदी अमेरिकेच्या थंड प्रांतांतसुद्धा, दुसऱ्या जातींची कलमं त्यांच्यावर बांधतात. वर नाव दुसऱ्याचं, जमिनीत अंतोनोव्का. सफरचंदही एरवी बीपासून आईसारखं येत नाही. पण अंतोनोव्काची रोपं बरीचशी आईच्या वळणावर जातात असा बागाईतदारांचा अनुभव आहे. त्यामुळे तिथे ‘अंतोनोव्का’ म्हणजे एक झाड नव्हे, एक गोतावळा आहे. हापूस एका टोकाला, रायवळ दुसऱ्या टोकाला, आणि अंतोनोव्का मध्ये कुठेतरी. कुर्स्क शहरात तिचं स्मारकही उभारलेलं आहे. आपल्याला स्मारक नको, झाड राहिलं तरी पुष्कळ झालं.

कारण झाड राहत नाही. आता मुद्द्यावर येतो.

रायवळ का तुटतो? लाकडासाठी तुटतो हे उघड आहे. आंब्याचं लाकूड सागासारखं टिकाऊ नाही, पण फळ्यांना, खोक्यांना, सरणाला चालतं. रस्त्यासाठी तुटतो. पळस्प्यापासून इंदापूरपर्यंत, आपल्या पेण-नागोठणे-कोलाडवरून जो महामार्ग रुंद झाला, त्याच्या कडेची जुनी झाडं गेली, ती तुम्ही उघड्या डोळ्यांनी पाहिली आहेत. घरासाठी तुटतो, कारण सत्तर फुटी झाड घरालगत असलं की पावसाळ्यात छाती धडधडते. त्या माणसाला मी नावं ठेवणार नाही. पण कोकणातलं एक कारण वेगळं आहे. ते म्हणजे सामाईक झाड. आजोबांनी लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं झाड, त्याला आज पंधरा वाटेकरी. पाच मुंबईत, दोन पुण्यात, एक परदेशात. फळं उतरवायला माणूस मिळत नाही; एवढ्या उंच झाडावर चढणारे आता थोडे, आणि मजुरी फळांच्या किमतीपेक्षा जास्त. आंबे पंधरा ठिकाणी वाटणं कठीण. लाकडाचे पैसे वाटणं सोपं. हिशोब मिटवायचा सगळ्यात सुटसुटीत मार्ग म्हणजे झाड मिटवणं.

कायदा आहे. महाराष्ट्राचा वृक्षतोडीच्या नियमनाचा कायदा १९६४ चा आहे, आणि खाजगी जमिनीतली जी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत त्यांच्या यादीत आंबा आहे, फणस आहे, जांभूळ आहे. पण कायद्याच्या यादीत ‘आंबा’ आहे. शेपू, खोबऱ्या, विहिरीवरचा असं काही नाही. एक आंबा तोडला आणि बदली एक कलम लावलं की कागदावर हिशोब पूर्ण होतो. दुसरा कायदा २००१ चा, पिकांच्या वाणांचं आणि शेतकऱ्यांच्या हक्कांचं संरक्षण करणारा. तो चांगला कायदा आहे. पण त्यात वाण म्हणून नोंदवायचं तर वेगळेपण, एकसारखेपण आणि स्थैर्य दाखवावं लागतं. वेगळेपणात रायवळाला कोण हरवणार? एकसारखेपणात मात्र तो पहिल्याच फेरीत बाद, कारण सारखं असायला दुसरं झाडच नाही! उदयनाचार्यांची अट हजार वर्षांनी सरकारी भाषेत परत आली, एवढंच मी म्हणेन.

यावर वाट काढता येते, आणि ती शेजारी कर्नाटकात काढलेली आहे. सिरसी-सागरच्या मलनाड भागात नदीकाठी कोयीपासून उगवलेली आंब्याची झाडं आहेत, त्यांच्या कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं घालतात. त्याला अप्पेमिडी म्हणतात. तिथल्या लोकांनी चांगली झाडं निवडली, त्यांची कलमं केली, त्यांना नावं दिली, आणि अप्पेमिडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे नुसतं लोणच्यासाठी, पिकवून खायचा विचारही न करता, झाडाची पारख होऊ शकते.

ही पारख आपल्याकडेही होती, आणि ती स्वयंपाकघरात होती. आपण रायवळ म्हटलं की ‘साधा आंबा’ म्हणतो, पण आमच्या आधीच्या पिढीतल्या बायकांना विचारा. लोणच्याला कुठल्या झाडाची कैरी? जी घट्ट, आंबट आणि कमी धाग्याची, जिची फोड वर्षभर मऊ पडत नाही. वाऱ्याने पडलेल्या बाळकैऱ्या खारात. आंबोशीला खूप आंबट हवी. साल काढून, फोडी मिठात घालून उन्हात वाळवायच्या, म्हणजे पावसाळ्यात आमटीत आणि माशाच्या कालवणात आंबटपणाची सोय झाली. साखरांब्याला वेगळं झाड, मेथांब्याला कुठलंही चालतं. साठाला दाट रसाचा आणि भरपूर लागणारा, कारण ताटात एकावर एक थर द्यायचे असतात. आणि कोयाडं! ज्यांनी खाल्लं नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पिकलेले आंबट-गोड बिटके उकडून सोलायचे, कोयीसकट अख्खे ठेवायचे, गूळ, तिखट, ओल्या खोबऱ्याचं वाटण आणि मोहरी लावायची. भाताबरोबर वाढतात आणि माणसं बोलायची थांबतात, कारण तोंडात कोय असते. हापूसचं कोयाडं कुणी करू नये. गोडाचा नुसता चिखल होतो. आंबट आणि धागा, ज्यांना आपण रायवळाचे दोष समजतो, तेच इथे कामाला येतात.

गोष्ट साधी आहे. कच्च्या फळात पिष्ट असतं आणि आम्ल असतं. पिकताना पिष्टाची साखर होते, आम्ल कमी होतं. हापूस या प्रवासाच्या शेवटच्या मुक्कामासाठी निवडला गेला. रायवळात प्रत्येक झाड वेगळ्या मुक्कामावर चांगलं. एक कच्चंच चांगलं, एक पाडाला आल्यावर, एक आढीत पेंढ्यात चार दिवस ठेवल्यावर. हे ज्ञान ‘आंब्याबद्दल’चं नव्हतं, एकेका झाडाबद्दलचं होतं. झाड गेलं की ते ज्ञानही निरुपयोगी. तुम्हाला घरी लोणच्याची कृती लिहून ठेवलेली सापडेल. कुठल्या झाडाची कैरी, ते त्यात लिहिलेलं नसतं, कारण लिहिणारीला ते झाड खिडकीतून दिसत होतं.

अजून एक माणूस यात आहे. मे महिन्यात रोह्याच्या बाजारात, कोलाडच्या नाक्यावर, पेणकडे जाताना रस्त्याच्या कडेला कातकरी बाया पाटीत रायवळ घेऊन बसतात. शेजारी करवंदं, जांभळं. वजन नाही, वाटा. या आंब्यात त्यांचं खत नाही, फवारणी नाही, भांडवल नाही. आहेत ते झाडावर चढण्याचे आणि उन्हात बसण्याचे कष्ट. रायवळ संपला तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात कुठेच तूट दिसणार नाही. त्या पाटीत दिसेल.

आता तत्त्वज्ञानातला शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा प्रश्न. झाड तोडायचंच असेल आणि आधी त्याच्या फांदीचं कलम करून ठेवलं, तर झाड वाचलं का?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आंब्याच्या चोराचा दाखला आहे. राजा मिलिंद, म्हणजे ग्रीक राजा मिनँडर, आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद चालला आहे. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो. पकडल्यावर म्हणतो, याने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे. मी याचं काही घेतलं नाही. नागसेन विचारतात, तो सुटेल का? राजा म्हणतो, नाही, कारण नंतरचे आंबे आधीच्यावरूनच आले. नागसेनांना यातून पुनर्जन्मातलं कर्माचं सातत्य दाखवायचं आहे : नंतरचा तोच नाही, पण असंबद्धही नाही. मला त्यात आपल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर दिसतं. लावली ती कोय, चोरलं ते फळ, मधे झाड. कोयीतून येणारं झाड ‘तेच’ नाही, पण नातं तुटलेलं नाही. कलमातून येणारं झाड शरीराने ‘तेच’ आहे. पण जागा, सावली, विहीर, त्याच्याखालची भांडणं, पंधरा वाटेकरी, हे काही फांदीबरोबर जात नाही. चव वाचते. बाकीचं नाही. म्हणून मी कलमाला ‘झाड वाचवलं’ असं म्हणणार नाही. पण चव वाचणं ही लहान गोष्ट नाही, आणि तेवढं हातात असताना न करणं मला पटत नाही.

त्याचबरोबर नुसती कलमंच करत बसलो तर आपण आणखी दहा-वीस हापूस तयार करू. नवा आंबा होण्याची वाट बंदच. नवा आंबा कोयीतूनच येतो. म्हणून दोन्ही करायला हवं. ज्ञात गोडाचं कलम, आणि अज्ञातासाठी एक कोपरा. कोयीचं झाड फळायला सात-आठ वर्षं, कधी दहा लागतात, आणि फळ आंबटढाण निघू शकतं. निघू दे. कोयाडं करू.

वेळ संपत आला आहे. एक प्रश्न लिहून आलेला आहे, तो वाचतो : ‘आमच्या सामाईक जागेतलं जुनं झाड या वर्षी दिवाळीनंतर तोडायचं ठरलं आहे. माझं एकटीचं कुणी ऐकत नाही. काय करू?’

ताई, दिवाळी नंतर आहे, हे बरं झालं. मधे पूर्ण पावसाळा आहे. आता फळं आहेत तोवर त्यांचे फोटो काढा, कापून कोयीचाही काढा, आणि कुठल्या पदार्थाला ही कैरी घरात वापरत होते ते घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला विचारून लिहून घ्या. झाडाचं नाव असेल तर तेही. जूनमध्ये रोपवाटिकेतल्या माणसाशी बोलून ठेवा. कुठलाही कोय कलम बांधणारा हे काम करतो, त्याला रायवळाचं कलम म्हटल्यावर हसू येईल, त्याकडे लक्ष देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये झाडाच्या तीन-चार महिन्यांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या निवडा. काढण्याआधी आठ-दहा दिवस त्यांची पानं देठ ठेवून कापा, म्हणजे डोळे फुगतात. मग वीतभर काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळून त्याच दिवशी पोचवा. पाच कलमं बांधून घ्या, कारण सगळी जगत नाहीत. आणि वाटेकऱ्यांना प्रत्येकी एक रोप द्यायची तयारी दाखवा. पंधरांतले दोघं जरी ‘मला हवंय’ म्हणाले, तर झाड तोडायचं की नाही यावर पुन्हा एकदा बोलणं होईल.

कोयी मात्र साठवून ठेवू नका, वाळल्या की उगवत नाहीत. खाल्ल्यावर धुवा आणि पहिल्या पावसाला लावून टाका.